वाफेची कॉफी की दाबाची कॉफी?

लग्नाच्या कार्यालयात ‘एस्प्रेसो कॉफी’ अशी पाटी लावलेले चकचकीत यंत्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. निदान तुमच्या आईवडिलांनी तरी नक्कीच पाहिलेले असते. नळीतून फुसफुस करीत वाफ येते, ती दूध, साखर आणि कॉफीच्या मिश्रणात सोडली की पेला फेसाने भरतो आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरली की झाली एस्प्रेसो! चवीला ती छानच लागते. पण इटलीतला माणूस तिला एस्प्रेसो म्हणणार नाही. कारण त्या यंत्रातली वाफ कॉफीचा अर्क काढीत नाही. ती फक्त दूध तापविते आणि फेसाळविते. खऱ्या एस्प्रेसोत तर दूध नसतेच.

आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत घरगुती एस्प्रेसो यंत्रे मिळू लागली आहेत. किमती काही हजारांपासून लाखाच्या पलीकडे जातात. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५ बार’, ‘२० बार’ असे छापलेले असते आणि घेणारा साहजिकच मोठा आकडा उचलतो. हा आकडा नेमके काय सांगतो, हे मात्र विकणाराही क्वचितच समजावून देतो. ते समजण्यासाठी दाब, उत्कलनबिंदू आणि पृष्ठफळ या तीन गोष्टी पुरतात, आणि त्या तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहेत.

प्रथम एस्प्रेसो म्हणजे काय ते पाहू. इटलीतल्या रूढ प्रमाणानुसार सुमारे ७ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी घ्यायची, तिच्यातून सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी ढकलायचे आणि २५ सेकंदांत २५ मिलिलिटर अर्क मिळवायचा. पाण्याचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब. तेव्हा ९ बार म्हणजे ९० मीटरहून थोडा जास्त उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशी जेवढा दाब देईल तेवढा! एवढा दाब, पण पाणी मात्र उकळते नको. या दोन अटी एकत्र पाळणे किती अवघड आहे, हे स्वयंपाकघरातला कुकर सांगेल.

कुकरमध्ये शिट्टी होण्याच्या सुमारास बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो आणि आतले पाणी १२० अंशांच्या आसपास तापलेले असते. बंद भांड्यात वाफेचा दाब आणि पाण्याचे तापमान हातात हात घालून चढतात. एक वाढवून दुसरे खाली ठेवता येत नाही. नुसत्या वाफेने ९ बार जादा दाब मिळवायचा म्हटले तर पाणी सुमारे १८० अंशांपर्यंत तापवावे लागेल. असल्या पाण्याने कॉफीचा अर्क निघणार नाही, ती करपेल.

कॉफीयंत्राचा इतिहास म्हणजे या पेचातून सुटण्याचा इतिहास होय. तूरिनच्या आंजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेत्सेरा याने १९०१ साली एकेका पेल्यापुरती कॉफी करणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि देसिदेरियो पावोनी याने पुढे तशी यंत्रे बनवून विकली. पितळेची ही उभी, देखणी यंत्रे होती, पण होती वाफेचीच. त्यांचा दाब दीड बारच्या आसपास अडकलेला आणि पाणी मात्र गरजेपेक्षा तापलेले. कॉफी झटपट मिळे, तिला कडवट करपट चव येई.

हा पेच मिलानच्याच आकिले गाज्जा याने सोडविला. १९३८ साली त्याने पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, त्याची तरफेची यंत्रे उपाहारगृहांत आली. युक्ती साधी होती. बाष्पपात्रातून गरम पाणी फक्त एका लहान दट्ट्याखालच्या नळकांड्यात घ्यायचे. तरफ खाली ओढून मजबूत स्प्रिंग दाबायची. ती सोडली की स्प्रिंग दट्ट्याला आणि दट्ट्या पाण्याला ढकलतो. दाब स्प्रिंगचा, उष्णता बाष्पपात्राची. दोघांची गाठ सुटली! ८-९ बार दाब मिळू लागला आणि पेल्यात एक नवीनच गोष्ट दिसली : कॉफीवर तपकिरी, दाट फेसाची साय. इटालियन भाषेत तिला ‘क्रेमा’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ सायच. भाजताना कॉफीच्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू कोंडला जातो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि पेल्यात दाब उतरताच सोड्याच्या बाटलीप्रमाणे बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो.

१९६१ साली ‘फाएमा’ कंपनीने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप बसविला. या यंत्राचे नाव ‘ई-६१’. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते आणि यंत्राला त्या ग्रहणाचे नाव दिले, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आजची बहुतेक घरगुती यंत्रे पंपाचीच असतात. त्यांतला छोटा पंप विद्युत्‌चुंबकावर चालतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्याची दांडी सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते. यंत्राची घरघर येते ती तिथून.

आता खोक्यावरच्या ‘१५ बार’ कडे वळू. तो या पंपाचा कमाल दाब आहे आणि तो केव्हा मिळतो, तर पाण्याचा प्रवाह जवळजवळ बंद पडतो तेव्हा. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून पाहा. अंगठा नसताना पाणी सहज वाहते आणि नळीत दाब जेमतेम असतो. अंगठा दाबत गेलात की आतला दाब चढतो. एस्प्रेसो यंत्रात अंगठ्याचे काम कॉफी करते. पूड भरड असेल तर १५ बारचा पंपसुद्धा २-३ बारांवर कॉफी धुऊन काढील. पूड योग्य असेल तर दाब वाढतो, आणि चांगल्या यंत्रात जास्तीचा दाब सोडून देणारी झडप तो ९-१० बारांवर थोपविते. म्हणून १५ आणि २० बारांच्या यंत्रांत २० बारांचे चांगले, असे मुळीच नाही. पंप पाणी ढकलतो. दाब कॉफीच्या थराच्या अडथळ्याने तयार होतो. माझ्या मते यंत्र घेणाऱ्याने एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तर त्याचे निम्मे पैसे वाचतील.

हे शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळून पाहता येते. प्लॅस्टिकच्या तीन सारख्या बाटल्यांचे बूड कापा, तोंडाला कापसाचा बोळा लावून त्या उलट्या टांगा. एकीत जाड वाळू आणि उरलेल्या दोघींत चाळलेली बारीक वाळू सारख्या उंचीपर्यंत भरा. प्रत्येकीत एक पेला पाणी ओता आणि ते गळून जायला किती सेकंद लागतात ते टिपा. तिसऱ्या बाटलीत मात्र पाणी ओतण्यापूर्वी वाळूला कडेने पेन्सिलीने खोल भोक पाडा. वाळू तीच, पण पाणी कसे धावत सुटते ते पाहा.

जाते की मिक्सर?

दळणाचे महत्त्व आता ध्यानात आले असेल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. पाण्याला फक्त २५ सेकंद मिळतात, तेव्हा दळण बारीक हवेच. शिवाय ते एकसारखे हवे, आणि इथे आपले घरचे मिक्सर हरते. मिक्सरचे पाते दाणे फोडते, दळत नाही. त्यातून पिठासारखी धूळ आणि रव्यासारखे कण एकदमच निघतात. धुळीतून कडवटपणा आणि रव्यातून आंबटपणा एकाच पेल्यात उतरतो. कॉफीचे चांगले दळणयंत्र जात्याच्या तत्त्वावर चालते : दोन दातेरी चकत्या, त्यांच्यात ठरावीक फट, आणि ती फट केसभर कमीजास्त करण्याची सोय. हाताने फिरवायचे यंत्रही चालते. पैसे मोजकेच असतील तर यंत्र साधे घ्यावे आणि दळणयंत्र चांगले. उलट केले तर महागड्या यंत्रातून सामान्य कॉफी येते.

दाण्यांविषयीही थोडे सांगायला हवे. इन्स्टंट कॉफी मुळातच अर्क वाळवून केलेली असल्याने या यंत्रात तिचा उपयोग नाही. चिकोरी मिसळलेली पूडही नको. चिकोरीतला विरघळणारा भाग कॉफीपेक्षा पुष्कळच जास्त असतो आणि सगळे गणित बिघडते. भाजल्याची तारीख छापलेले, काही आठवड्यांच्या आतले दाणे घ्यावेत, नाहीतर वायू उडून जातो आणि साय धरत नाही. दाणे इटलीतून मागविण्याची मुळीच गरज नाही. आपल्या कर्नाटक-केरळातली कॉफी इटलीलाच मोठ्या प्रमाणात जाते!

यंत्र निवडताना पंपाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापमान स्थिर ठेवण्याची व्यवस्था. स्वस्त यंत्रातला साधा थर्मोस्टॅट इस्त्रीतल्यासारखा चालू-बंद होतो आणि पाणी कित्येक अंश वरखाली होते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असेल तर हा चढउतार एकदोन अंशांवर येतो. दुसरे म्हणजे दूध. आपल्या घरांत बहुतेकांना दुधाचीच कॉफी लागते. अर्कासाठी ९३ अंशांचे पाणी आणि दुधासाठी १२५ अंशांच्या पुढची वाफ अशा दोन मागण्या एकाच तापपात्राकडून होत असतील तर मध्ये थांबावे लागते. दोन पात्रांच्या यंत्रात थांबावे लागत नाही, पण ते महाग आणि अवजड. दोघातिघांच्या घराला एका पात्राचे पुरते. चार पाहुणे आले की त्यांनी जरा गप्पा माराव्यात.

वाफेने दूध पातळ होते का, ही शंका येईल. हिशोब करू. १५० ग्रॅम दूध ५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ७,७०० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम वाफ पाणी होताना ५४० कॅलरी देते आणि १०० वरून ६० अंशांवर येताना आणखी ४०. म्हणजे साधारण १३ ग्रॅम वाफ पुरली. एवढे पाणी जिभेला कळतही नाही.

विजेचाही हिशोब करावा. १,४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर ६ अँपिअरहून जास्त प्रवाह घेते, म्हणून ते लहान सॉकेटवर न लावता १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावले पाहिजे. आणि एवढा खर्च नकोच असेल तर आल्फोन्सो बियालेत्ती याचे १९३३ सालचे मोका पात्र गॅसवर ठेवावे. त्याचा दाब थोडा, त्यामुळे निघते ती एस्प्रेसो नव्हे. पण ती उत्तम दाट कॉफी असते. फक्त त्याची सुरक्षा झडप कुकरच्या झडपेइतकीच जपावी.

पेल्यापर्यंत

आता प्रत्यक्ष कृती. ती करताना घरातले एखादे मोठे माणूस जवळ हवे, आणि कॉफी पिणेही बहुतांशी त्यांच्याकडेच सोपवावे. कॅफीन मोठ्यांपेक्षा तुम्हाला लवकर बाधते. तराजू, घड्याळ आणि वही मात्र तुमच्या ताब्यात ठेवा.

आज घरगुती यंत्रांत दोन पेल्यांची मोठी गाळणीच जास्त वापरतात. तिच्यासाठी १८ ग्रॅम पूड आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम अर्क, ही सुरुवात ठीक. तराजू दशांश ग्रॅम दाखविणारा हवा. यंत्र आधी पंधरावीस मिनिटे तापू द्यावे, कारण थंड धातू पाण्याची उष्णता शोषून घेतो. पूड गाळणीत टाकून सारखी पसरावी आणि सपाट दट्ट्याने दाबावी. किती जोराने? पुष्कळजण १५ किलोच्या जोराचा आग्रह धरतात. पण ५८ मिलिमीटर व्यासाच्या गाळणीचे क्षेत्रफळ २६ चौरस सेंटिमीटर भरते आणि ९ बारांनी पाणी तिच्यावर सुमारे २४० किलोचा भार देते! त्यापुढे तुमचे १५ किलो ते काय? जोरापेक्षा पृष्ठभाग सपाट असणे महत्त्वाचे. खेकड्याने पोखरलेल्या बांधातून शेतातले सगळे पाणी जसे एकाच बिळातून निघून जाते, तसे कॉफीत कुठे पोकळी राहिली की पाणी तिथूनच पळते. तुमच्या तिसऱ्या बाटलीत तेच घडले होते. आणि याच २४० किलोंमुळे पाणी चालू असताना किंवा दाब उतरण्याआधी दांडीची गाळणी कधीही फिरवून काढू नये. उकळत्या चोथ्याचा फवारा चेहऱ्यावर येऊ शकतो.

मग चव. अर्क १५ सेकंदांतच भरभर आला आणि आंबट, पाणचट लागला तर पूड आणखी बारीक करा. ४५ सेकंद थेंबथेंब गळत राहिला आणि कडू लागला तर भरड करा. आम्ल पदार्थ लवकर विरघळतात आणि कडू पदार्थ सावकाश, म्हणून असे होते. एका वेळी एकच गोष्ट बदला. पूड आणि वजन दोन्ही बदलली तर फरक कशामुळे पडला ते समजणार नाही.

पाणी बोअरचे, जड असेल तर बंबात धरतो तसा पांढरा थर यंत्राच्या नळ्यांत धरतो. असे पाणी वापरूच नये. तरी थर साचलाच तर यंत्राच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या आम्लानेच तो काढावा, कारण ॲल्युमिनियमच्या पात्राला चुकीचे आम्ल खाऊन टाकते.

दाब पूर्ण उतरल्यावर गाळणी उलटी आपटून चोथा बशीत काढा आणि फेकण्यापूर्वी नीट पाहा. चकती एकसंध निघाली तर पाणी सारखे गेले असे समजायला हरकत नाही. कडेला टाचणीएवढे भोक किंवा एका बाजूला फिकट पट्टा दिसला, तर पाण्याने पळवाट शोधली होती. तो कोणत्या बाजूला आहे ते वहीत टिपून ठेवा. दोनतीन दिवस तो त्याच बाजूला दिसला, तर पूड दाबताना तुमचा हात तिकडे हलका पडतो आहे.