बोंडअळी, जिवाणू आणि पाठीवरचा पंप

विदर्भ-मराठवाड्यात पांढरे सोने पिकते ते मालकाच्या शेतात. पण कापूस वेचायला आपल्या माय-बहिणी जातात आणि फवारणीचा पंप रोजंदार बांधवांच्या पाठीवर असतो. म्हणून ‘बीटी’ हा विषय फक्त सातबारा असणाऱ्यांचा आहे, असे आम्ही मानत नाही.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत आढळला. १९११ साली जर्मनीतील थुरिंजियात बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीत तो पाहिला. त्या प्रांतावरून नाव पडले. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीच्या आतड्यातील रस क्षारयुक्त असतो. त्यात स्फटिक विरघळतो, प्रथिन आतड्याच्या पेशींना चिकटते, त्यांना भोके पाडते आणि अळी मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते, शिवाय प्रथिनाला चिकटायला लागणारी जागा आपल्या आतड्यात नाही. यात देवीचा कोप नाही की करणी नाही; आहे तो बुद्धांनी शिकविलेला कार्यकारणभाव!

या प्रथिनाचे जनुक १९८१ साली अमेरिकेत वेगळे काढण्यात आले व पुढे कपाशीत घातले गेले. भारतात अशा कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे.

मग बिघडले कोठे? बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या सरकीची लहान पुडी मिळे. ती कडेने पेरली तर तिथे साध्या अळ्या जगतात, प्रतिकार कमावलेल्या अळ्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. पण ती पुडी किती बांधावर पेरली गेली? बहुतेक ठिकाणी नाहीच. त्यात फरदड घेण्याची सवय. गुलाबी बोंडअळीला हिवाळाभर आयते खाद्य मिळाले. दोन्ही जनुके तिने पचविली. ती बोंडाच्या आत शिरून बसते, तिथे औषध पोहोचत नाही. आणि मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर बीटीचा इलाज मुळातच नव्हता.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. जिवाणूच्या प्रथिनाने माणूस मेला नाही. मेला तो डब्यातल्या विषाने.

मजुरी हवीच, पण वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, तोंडाला रुमाल व हातात मोजे नसतील तर पंप उचलू नये. दोन-तीन औषधे एकत्र कालवायला मालकाने सांगितले तरी नकार द्यावा. डब्यावरचा त्रिकोण पाहावा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. आणि मळमळ, घाम, अंधारी सुरू झाली तर दवाखान्यात जाताना तो डबा सोबत न्यावा; डॉक्टरांना विष कोणते ते त्यावरूनच कळते.