वाय-फायचे नियम बदलून बघायचेत? मग १६ मायक्रोसेकंदांचा हिशोब आधी करा

एम.टेक. करणाऱ्या एका श्रोत्याने विचारलंय: वाय-फायमध्ये पॅकेट पाठवण्याआधी किती थांबायचं, ते नियम बदलून बघायचेत. सिम्युलेटरवर झालं, पण गाइड म्हणतात खऱ्या हवेत करून दाखव. लॅपटॉपच्या कार्डातच बदल करता येईल का?

फारसा नाही. लिनक्सचा ड्रायव्हर तुम्ही वाचू शकता, बदलू शकता. पण कधी थांबायचं, कधी पाठवायचं, पोच कधी द्यायची हे चिपच्या आत ठरतं, आणि ते डिझाइन कुलूपबंद असतं.

मग बरेच जण सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओकडे वळतात. सिग्नलचे नमुने यूएसबीने कॉम्प्युटरवर घ्यायचे, बाकी सगळं जीएनयू रेडिओत. नुसतं ऐकायला हे झकास आहे. बोलायला गेलात की अडतं. कुठे अडतं ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

वाय-फायमध्ये पॅकेट नीट मिळालं की घेणाऱ्याने लगेच पोच द्यायची असते, म्हणजे एसीके. 'लगेच' म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर १६ मायक्रोसेकंदांनी. या मधल्या वेळेला सिफ्स म्हणतात. एवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम साडेपाच मिलिमीटर जातो. माझा शब्द ओठांपासून माइकपर्यंतसुद्धा पोचत नाही. आणि तेवढ्यात शेवटचा ओएफडीएम सिम्बॉल डीकोड करायचा, चेकसम जुळतोय का बघायचं, रेडिओ ऐकण्याकडून बोलण्याकडे फिरवायचा आणि पोच सुरू करायची! २.४ गिगाहर्ट्झवर तर सिफ्स १० मायक्रोसेकंदांचाच आहे. तिथे ८०२.११जी मध्ये ओएफडीएम फ्रेमच्या शेवटी ६ मायक्रोसेकंदांची शांतता जोडली, म्हणजे डीकोडिंगला पुन्हा तेवढेच १६ मिळतात. ही जुगाडू तडजोड मला भारी आवडते.

यूएसबीवरून नुसतं जाऊन यायलाच याच्या कितीतरी पट वेळ जातो. पोच वेळेत आली नाही की पाठवणारा समजतो पॅकेट वाया गेलं. तो ते परत पाठवतो आणि थांबायची मर्यादा दुप्पट करतो. म्हणजे तुम्ही अभ्यास करताय थांबण्याच्या नियमांचा, आणि मोजला जातोय यूएसबीचा उशीर.

म्हणून एफपीजीए. ही एक प्रकारे कोरी चिप, तिच्यातल्या लॉजिकची जोडणी तुम्ही लिहून भरता. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून निघालेल्या वॉर्प प्रकल्पाच्या ८०२.११ रेफरन्स डिझाइनमध्ये सिग्नलचं काम एफपीजीएच्या लॉजिकमध्ये, आणि त्याच चिपमध्ये दोन छोटे प्रोसेसर. एक घाईची कामं बघतो, दुसरा बीकन, जोडणी वगैरे निवांत कामं. दोघांचाही कोड सी मध्ये. हार्डवेअर मात्र आता जुनं झालंय. लॅबमध्ये पडून असेल तरच बघा.

आज सुरुवात करणाऱ्याला मी ओपनवायफाय सुचवेन. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठ आणि आयमेकच्या संशोधकांनी ते २०१९ च्या अखेरीस खुलं केलं. ते झिंक चिपवर चालतं, म्हणजे एकाच चिपवर एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए. सिफ्सच्या आत व्हायला हवं ते सगळं एफपीजीएत. बाकीचं एआरएमवरच्या लिनक्समध्ये. लिनक्सला तो बोर्ड साधं वाय-फाय कार्डच वाटतो. त्यामुळे तुमचा रोजचा फोन त्याला जोडता येतो, आणि सिम्युलेटरमध्ये नेमकं हेच नसतं: समोर खरा, तुमच्या कह्यात नसलेला जोडीदार.

आता श्रोत्याचा प्रयोग. ८०२.११ए/जी मध्ये साधारणपणे सुरुवातीला ० ते १५ मधला एक आकडा यादृच्छिक निवडतात आणि तितके ९ मायक्रोसेकंदांचे स्लॉट थांबतात. १५ च्या जागी ३ करा. तुमचा बोर्ड सारखा पुढे घुसेल आणि शेजारचा फोन ताटकळेल. हे ओपनवायफायमध्ये रजिस्टर बदलून होतं, एफपीजीएला हात न लावता. पण नियमच नवा असेल, समजा आजूबाजूच्या गर्दीवरून स्लॉट ठरवायचेत, तर व्हेरिलॉग लिहावं लागणार आणि दर बदलाला तासन्‌तास बिल्ड. तेव्हा आपली कल्पना या रेषेच्या कुठल्या बाजूला पडते ते आधी कागदावर ठरवा. वेळापत्रक त्यावरच ठरतं, बजेटही: झेडसी७०६ सारख्या मोठ्या बोर्डाला विवाडोचं विकतचं लायसन्स लागतं, झिंक ७०२० वाल्या बोर्डांना फुकटची आवृत्ती पुरते.

वेगाची तुलना घरच्या राउटरशी करू नका. इथे चॅनल २० मेगाहर्ट्झचा आहे. जुना आणि नवा नियम, दोन्ही त्याच बोर्डवर मोजा. आणि घुसखोर सेटिंग आधी केबल आणि अटेन्युएटर लावून तपासा. हॉस्टेलच्या वाय-फायवर नको, तिथे कुणाचीतरी ऑनलाइन मुलाखत चालू असते.

पहिला आठवडा काहीच बदलू नका. बोर्डला ॲक्सेस पॉइंट करा, फोन जोडा, मूळ नियमांचे आकडे दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लिहून ठेवा. कुठला बोर्ड मिळाला ते कळवा, त्यावर पुढच्या भागात बोलू.