१६० एकरांची साक्ष

सासूबाईंच्या पणजीबद्दल घरात एवढंच माहीत होतं: ती अमेरिकेतल्या नेब्रास्कात मातीच्या घरात राहायची. गवताळ जमिनीचे मुळांसकट थर कापून, विटांसारखे रचून केलेलं घर. माझा जन्म महाराष्ट्रातला, पण ही बाई माझ्या मुलीच्याही रक्तात आहे. म्हणून सासूबाईंबरोबर मीही तिच्या शोधाला बसले.

शोध उलटा चालतो. आधी जवळचं, मग दूरचं. १९०० सालच्या जनगणनेत प्रत्येक आईला विचारलं होतं: किती मुलं झाली, किती हयात आहेत? तिच्या ओळीत सात आणि चार हे आकडे होते. सासूबाई त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसल्या.

१८९०ची जनगणना मिळणार नव्हती. १९२१मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर तिचा अगदी थोडा भाग उरला. नेब्रास्का राज्याने १८८५मध्ये स्वतंत्र गणना केली होती, तिचा आधार मिळाला. तिथे ती विधवा, कुटुंबप्रमुख आणि पाच मुलांची आई होती. म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांत निदान एक मूल गेलं. पण १८८०, १८८५ आणि १९०० अशा तीन याद्यांत तिचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं. ही एकच बाई की तीन?

याचं उत्तर जमिनीने दिलं. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार सरकारी जमिनीचे १६० एकर मिळत. त्यासाठी पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि दोन साक्षीदारांसह ते सिद्ध करायचं. मालकीच्या सनदेवर जमिनीचा ठावठिकाणा असतो. सहा मैल लांब, सहा मैल रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एका सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. आपल्या सात-बाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखीच ही ओळख. ती लिहून आम्ही राष्ट्रीय अभिलेखागारातून मूळ फाइलच्या प्रती मागवल्या.

दावा नवऱ्याने केला होता. पाच वर्षं पुरी होण्याआधीच तो वारला. कायद्याने विधवेला दावा पुरा करता येई, म्हणून सगळी उत्तरं तिनेच दिली. घर कसं आहे? मातीचं, एक दार, एक खिडकी. विहीर? आहे. पीक? मका आणि गहू. १८७४ साली टोळधाड आली, काहीच हाती लागलं नाही. जमीन सोडून कुठे गेलात का? नाही. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी हेच शपथेवर सांगितलं होतं.

खाली सही नव्हती. एक वाकडी फुली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने लिहिलेलं नाव. आडनावाचं हे चौथं रूप.

मी पुन्हा १९००चा कागद काढला. लिहिता येतं का, या रकान्यात ‘नाही’ होतं. पहिल्या दिवसापासून ते समोर होतं, आम्ही वाचलं नव्हतं. तिने आपलं नाव कधी लिहिलंच नव्हतं; ज्याने ऐकलं त्याने आपल्या कानाने लिहिलं. चारही बाया एकच होत्या.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट नाही. प्लॅट नदीच्या उत्तरेची ती जमीन मूळनिवासी पॉनी लोकांची होती. १८५७च्या करारात त्यांना तिथली बहुतेक जमीन सोडावी लागली, आणि १८७०च्या दशकात ते आजच्या ओक्लाहोमात गेले. ‘पहिली वस्ती’ हे शब्द सासूबाईंनी वंशवृक्षातून खोडले आणि पॉनींचं नाव लिहिलं.

मग पणजीच्या चौकटीत चारही आडनावं एकाखाली एक लिहिली. कुठलं खरं, ते आम्ही ठरवलं नाही. शेवटी त्यांनी फाइलमधली फुली जपून उतरवून घेतली, होती तशीच वाकडी. तेवढी मात्र तिच्याच हातची होती.