जागतिकीकरणाचा पंच गैरहजर, उसाला तूर्त अभय

जागतिकीकरण यापुढे टिकणार की देश पुन्हा आपापल्या कुंपणाआड जाणार, याची चर्चा सध्या जोरात आहे. मात्र या व्यवस्थेचा कणा असलेले जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. मंडळाची मूळ सदस्यसंख्या सात. अपील ऐकण्यास किमान तिघे लागतात. नव्या नेमणुकांसाठी सर्व देशांची सहमती आवश्यक असते आणि अमेरिका ती देत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अखेरच्या सदस्याचीही मुदत संपली.

हा अडथळा ट्रम्प यांनीच उभा केला, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ओबामा प्रशासनाने २०१६ मध्येच दक्षिण कोरियाच्या सदस्याची फेरनियुक्ती रोखली होती आणि बायडेन यांच्या काळातही कोंडी फुटली नाही. १९९९ मध्ये सिएटलच्या रस्त्यांवर उतरलेल्या आंदोलकांना जे साधले नाही, ते या व्यवस्थेच्या शिल्पकार देशाने केवळ नकार देऊन साधले.

या कोंडीचा महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्याशी थेट संबंध आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली. साखर कारखान्यांनी उसाला द्यावयाचा किमान दर, म्हणजेच एफआरपी, सरकार ठरवते. पैसे मात्र कारखाने देतात, त्यामुळे ही सरकारी मदत नव्हे, असा भारताचा युक्तिवाद होता. तंटा पॅनेलने डिसेंबर २०२१ मध्ये तो फेटाळला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडणारा होता, असा निष्कर्ष पॅनेलने काढला. भारतीय शेतकऱ्याला 'उणे सबसिडी' मिळते, असे सांगत शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाचे समर्थन केले होते. उसाबाबत जिनिव्हातील हिशेब उलटा निघाला.

भारताने अपील केले. ते ऐकणारेच कोणी नाही. अपील प्रलंबित असेपर्यंत अहवाल मंजूर होत नाही आणि तक्रारदारांना प्रत्युत्तरादाखल निर्बंध लादण्याची परवानगीही मिळत नाही. एफआरपी वाचली ती अशी.

हीच पळवाट इतरांनाही खुली आहे. अमेरिकेचे पोलाद व अॅल्युमिनियमवरील शुल्क नियमबाह्य असल्याचा निकाल डिसेंबर २०२२ मध्ये लागला, तेव्हा अमेरिकेनेही अपील करून तो गोठवला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने भारतीय मालावरील जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा जिनिव्हाचा दरवाजा ठोठावूनही भारताच्या पदरी फारसे काही पडण्याजोगे नव्हते.

युरोपीय महासंघ, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आदींनी २०२० मध्ये आपसांत पर्यायी लवादाची सोय केली. जपान २०२३ मध्ये तीत सामील झाला. भारत त्याबाहेर आहे. भारत आत गेल्यास या देशांशी होणाऱ्या पुढील वादांत अपिलाचा अंतिम निकाल मिळेल, पण मग उसासारख्या प्रकरणांत आडोसा राहणार नाही. आणि अमेरिकेविरुद्ध त्याचा उपयोगही नाही, कारण अमेरिका त्या व्यवस्थेत नाही.