म्हणींचे भाषांतर : आयरिश भाषेचे उदाहरण

म्हण आकाराने लहान असते. परंतु भाषांतरकाराला ती मोठ्या उताऱ्यापेक्षाही अधिक अडवते. आयर्लंडमध्ये ही अडचण नित्याची आहे. तेथील १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली राजभाषा ठरवली, तरी दैनंदिन व्यवहार बहुतांशी इंग्रजीतच चालतो. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आपणांस आयरिश बोलता येते असे सांगितले. मात्र शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार भरले. साहजिकच पुष्कळसा मजकूर आधी इंग्रजीत तयार होतो व मागाहून आयरिशमध्ये येतो. त्यासोबत इंग्रजी म्हणी व वाक्प्रचारही येतात.

मुसळधार पावसाला इंग्रजीत 'मांजरे आणि कुत्री कोसळत आहेत' असे म्हणतात. आयरिश भाषेत त्याच पावसात जोडे शिवणाऱ्याच्या राप्या कोसळतात. आता मांजरे-कुत्री शब्दशः आयरिशमध्ये आणली, तरी कोणाचाही अर्थबोध अडत नाही. कारण आयरिश बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण इंग्रजी जाणतो. खरा धोका आहे तो येथेच. चूक खटकत नाही, म्हणून ती रुळते आणि राप्यांचा पाऊस हळूहळू विस्मरणात जातो. शब्द आयरिश पण घडण इंग्रजी, अशा भाषेला तेथे 'बेरलखस' म्हणतात. 'बेरला' म्हणजे इंग्रजी.

तथापि तयार आयरिश म्हण हाती लागली म्हणजे काम संपले, असेही नाही. 'केक खायचा आणि राखूनही ठेवायचा, हे जमत नाही' या इंग्रजी म्हणीचा रोख हावरेपणावर आहे. आयरिशमध्ये एक म्हण आहे : समुद्रकाठी भक्ष्य टिपणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला दोन्ही किनारे सांभाळता येत नाहीत. वरवर पाहता जोडी जुळते. पण हा पक्षी लोभी नाही, त्याची शक्तीच अपुरी आहे. दोन ठिकाणी राबणाऱ्या माणसाविषयी ही म्हण सहानुभूतीने उच्चारता येईल. केकची म्हण त्याला टोचेल. येथे दुसरी आयरिश म्हण अधिक चपखल बसते : 'तेच दूध तुझ्यापाशी घट्ट गोळाही असेल आणि निथळलेले पाणीही, असे होत नाही.' (हे मराठी रूप ओबडधोबड आहे, हे मान्य करावे लागेल.) यातील 'तुझ्यापाशी' मात्र मुळाबरहुकूम आहे. मराठीप्रमाणेच आयरिशमध्येही इंग्रजी 'हॅव'सारखे क्रियापद नाही; वस्तू माणसापाशी 'असते'.

काही वेळा काहीच जुळत नाही. अन्याय्य वर्तनाला इंग्रज 'हे क्रिकेट नव्हे' असे म्हणतो. आयरिशमध्ये तेथे 'हे न्याय्य नाही' एवढेच सरळ वाक्य लिहिणे इष्ट ठरते. मूळ उक्तीतील खानदानी नापसंतीचा सूर त्यात उरत नाही. वाक्य मात्र आयरिश राहते.