मुद्दल धरून की मुद्दल वगळून?

लास व्हेगास येथील द्यूतगृहांत क्रॅप्स नावाचा जो फाशांचा खेळ चालतो, त्याच्या मेजावर अंथरलेल्या कापडाच्या मध्यभागी फाशांच्या जोड्यांची चित्रे आणि त्या त्या जोडीस मिळावयाच्या मोबदल्याचे आकडे छापलेले असतात. आणि दोन्ही फाशांवर सहा-सहा पडून बारा ही बेरीज आली असता काय मिळेल, हे एका मेजावर ‘३० टू १’ असे, तर दुसऱ्या एखाद्या मेजावर ‘३० फॉर १’ असे लिहिलेले आढळते. घाईने वाचणाऱ्यास दोन्हीकडे तीसच दिसतात. परंतु ज्याने आयुष्यात चार गहाणखते लक्षपूर्वक वाचली आहेत, त्याची नजर आकड्यावर न थांबता त्या मधल्या चिमुकल्या अव्ययावर थांबेल. पहिल्या करारान्वये खेळणाऱ्याने लावलेला डॉलर त्याला परत मिळतो आणि वर तीस डॉलर नफा मिळतो. दुसऱ्या करारान्वये त्याचा डॉलर मांडताक्षणीच घराच्या, म्हणजे द्यूतगृहाच्या, दप्तरी जमा होतो, आणि जिंकल्यास एकंदर जे तीस डॉलर हाती पडतात त्यांत त्याचे मुद्दल आधीच मुजरा झालेले असते. सारांश, ‘३० फॉर १’ हे ‘२९ टू १’ चेच जरा भरजरी रूप होय.

हा एका डॉलरचा फरक क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. दोन फाशांच्या छत्तीस संभाव्य जोड्यांपैकी बारा ही बेरीज एकाच जोडीने साधते. तेव्हा एकेक डॉलर लावून छत्तीस वेळा खेळणाऱ्यास सरासरीने एकदा यश यावे, आणि त्या एका यशात छत्तीसही डॉलर परत आले तरच व्यवहार समतोल म्हणता येईल. ‘टू’च्या मेजावर एकतीस परत येतात, म्हणजे पाच घराला उरतात, ते शेकडा १३.८९ होत, ‘फॉर’च्या मेजावर तीसच येतात, आणि घराचा वाटा शेकडा १६.६७ वर जातो. यात लबाडी आहे असे मला म्हणवत नाही, कारण जे छापले आहे ते अक्षरशः चुकते केले जाते. मात्र ज्या कोणी प्रथम एक अव्यय काढून त्या जागी दुसरे बसविले, त्याचा त्रैराशिकाचा अभ्यास पक्का होता, एवढे खास.

गोंधळाचे दुसरे मूळ असे, की संभवनीयता सांगण्याची भाषा आणि मोबदला सांगण्याची भाषा या दोहोंचे बाह्य रूप सारखेच असते. ‘छत्तीसांत एक’ हे संभवाचे कथन झाले. तोच संभव ‘प्रतिकूल पस्तीस, अनुकूल एक’ असाही सांगता येतो. आणि घर जो दर देऊ करते तोही ‘एकास पस्तीस’ याच थाटात उच्चारला जातो. रुलेटच्या चक्रावर एका आकड्यास एकास पस्तीस हा दर ऐकून भोळा मनुष्य समजतो की संभवही तेवढाच असावा. प्रत्यक्षात युरोपीय चक्रावर एक ते छत्तीस आणि शून्य मिळून सदतीस घरे असतात, म्हणून न्याय्य दर एकास छत्तीस ठरतो. फ्रांस्वा ब्लांक आणि त्याचा बंधू यांनी १८४३ साली जर्मनीतील होम्बुर्ग येथे एका शून्याचे चक्र मांडले, आणि पुढे मोंटे कार्लोस जे वैभव आले ते बव्हंशी ब्लांकच्याच कारभारात. त्या वैभवाचा पाया शेकडा २.७० इतक्या माफक कसरीवर, म्हणजे घराच्या वाट्यावर, रचलेला आहे. अमेरिकन चक्रावर दुहेरी शून्याचे अडतिसावे घर असते, दर मात्र तोच, त्यामुळे कसर ५.२६ होते. त्याच चक्रावर शून्य, दुहेरी शून्य, एक, दोन, तीन अशा पाच घरांवर मिळून एक डाव लावता येतो. छत्तिसास पाचाने निःशेष भाग जात नाही, म्हणून वरचा अपूर्णांक छाटून एकास सहा हा दर ठेवला गेला, आणि त्या छाटणीमुळे कसर ७.८९ वर गेली.

(वनपर्वातील ऋतुपर्ण राजा बेहड्याची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात मोजतो आणि अश्वविद्येच्या मोबदल्यात नळास अक्षहृदय शिकवितो; गणना आणि द्यूत ही एकाच विद्येची अंगे आहेत, हे त्या कथाकारास पास्काल आणि फर्मा यांच्या संभवनीयतेविषयीच्या १६५४ मधील पत्रव्यवहाराच्या कितीतरी आधी उमगले असावे.)

मोठे आकडे पाहून मन फसते, याचे उत्तम उदाहरण ब्लॅकजॅकच्या मेजावर सापडते. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाच्या मोलाचे पान आल्यास पूर्वापार ‘३ टू २’ असा दर असे. अलीकडे अनेक मेजांवर ‘६ टू ५’ असे छापलेले दिसते. सहा आणि पाच हे तीन आणि दोन यांहून मोठे खरे, पण शंभर डॉलरांवर पूर्वी दीडशे नफा मिळे तेथे आता एकशेवीस मिळतो, आणि असा हात सुमारे एकवीस डावांत एकदा येत असल्यामुळे हा बदल घराचा वाटा दर शेकडा जवळजवळ १.४ ने वाढवितो.

यंत्रांचे दरपत्रक तर सर्वत्र मुद्दल धरूनच असते. व्हिडिओ पोकरमध्ये गुलामांच्या जोडीपुढे ‘१’ हा आकडा असतो. यंत्र घंटा वाजविते, खेळणारा हर्षतो, आणि त्याच्या पदरी पडते ते त्याचेच नाणे.

आपल्याकडेही या दोन्ही रीती एकाच आवारात नांदतात. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीत बुकी जो भाव बोलतो तो मुद्दल वगळून असतो, तर टोटच्या खिडकीवरील डिव्हिडंड मुद्दलासह जाहीर होतो. म्हणून दहा रुपयांवर तीस रुपये डिव्हिडंड, म्हणजे बुकीच्या भाषेत एकास दोन. कॅसिनोंपुरते बोलावयाचे तर, महाराष्ट्राने १९७६ साली त्यांचे नियंत्रण व कर यांसंबंधी कायदा केला होता, पण तो कधी अमलात न येता २०२३ साली रद्द झाला. गोव्याने मात्र १९७६ च्याच आपल्या कायद्यात दुरुस्त्या करून १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ साली नौकांवरील मेजांना मुभा दिली, आणि मांडवीच्या पात्रातील त्या नौकांवर मराठी मुलखातले प्रवासी पुष्कळ जातात. त्यांच्या ओळखीच्या अंदर-बाहरमध्ये पहिले पान ज्या बाजूस पडते ती बाजू शंभरांत सुमारे साडेएक्कावन्न वेळा जिंकते. जेथे त्या बाजूस शंभरावर नव्वदच नफा देण्याचा रिवाज आहे, तेथे बरोबरीच्या दराने खेळणाऱ्यास मिळाला असता तो शेकडा तीनांचा लाभ घराने आपल्याकडे वळवून घेऊन वर आणखी दोन टक्के उचललेले असतात.

क्रॅप्सच्या मेजावर खऱ्या संभवाप्रमाणे, एका पैशाचीही कसर न लावता मोबदला देणारा डाव एकच आहे, तो म्हणजे फ्री ऑड्स: चार किंवा दहा यांवर २ टू १, पाच किंवा नऊ यांवर ३ टू २, सहा किंवा आठ यांवर ६ टू ५. एवढे आकडे आणि चित्रे वागविणाऱ्या त्या कापडावर या डावासाठी चौकट आखलेली नसते, त्याचा दरही छापलेला नसतो. ज्याला ठाऊक असेल त्याने आपल्या आधीच्या डावामागे नाणी ठेवावीत, अशी वहिवाट आहे. आणि तो आधीचा डाव, ज्याला पास लाइन म्हणतात, त्यावर घर शेकडा १.४१ घेतेच.