शहराचा धूर आणि आमच्या दुकानाचा हिशोब

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गाठ फोडली की आधी तागे मोजायचे आणि मगच भावाचे बोलायचे. न मोजता बोलणारा व्यापारी या धंद्यात फार दिवस टिकत नाही. 'कार्बन उत्सर्जन' या शब्दाचे मात्र सध्या उलटे चालले आहे. नगर परिषदेच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर, वर्तमानपत्रात हा शब्द सर्वत्र दिसतो, पण तो मोजतात कसा आणि त्याचा आमच्या गल्ल्याशी संबंध काय, हे सांगणारे कोणी भेटत नाही.

गंगाखेडच्या बाजारात बसून आम्हीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो की, हे मोठ्या शहरांचे आणि कारखानदारांचे काम आहे. आपली नगर परिषद झाडे लावील, फोटो काढील आणि विसरून जाईल. मुंबईच्या बेकरीवाल्यांवर जी वेळ आली ती पाहिल्यावर आमचे हे मत बदलले. म्हणून या विषयाचा हिशोब व्यापारी आणि कारीगर बंधूंपुढे मांडत आहोत.

मोजमाप कसे करतात?

कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जळाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, पण हवेत वर्षानुवर्षे साठून राहतो आणि सूर्याची उष्णता धरून ठेवतो. त्याचे माप किलो आणि टनात करतात. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर डिझेलचे वजन एक किलोही नसते, मग हे २.७ किलो आले कोठून, असे कोणीही विचारील. जळताना डिझेलमधील कार्बनला हवेतला प्राणवायू चिकटतो आणि त्याचे वजन यात धरले जाते.

विजेचेही तसेच आहे. आमच्या दुकानातल्या दिव्यातून धूर निघत नाही, तो दुसरीकडे निघतो. आपल्या देशात अजून बरीचशी वीज कोळशापासून होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गंगाखेडकरांना हे समजायला लांब जायला नको. रेल्वेने परळीला उतरले की औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात.

या परळी केंद्राची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१५ च्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. घरात कोळसा आहे, यंत्र आहे, पण पाणी नाही, अशी अवस्था झाली. त्या दुष्काळाचा सगळा दोष कार्बनवर टाकता येणार नाही, मराठवाड्याला दुष्काळ जुनाच आहे. पण तापमान वाढले की पावसाचा भरवसा कमी होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि पाऊस गेला की कापसाचे पीक जाते, पीक गेले की शेतकरी कापड घेत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आमची दुकानदारी शेवटी शेतावरच उभी आहे.

आणखी एक वायू आहे, मिथेन. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय सडला की तो तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो. म्हणून गावाबाहेरचा उकिरडा हाही कार्बनच्याच वहीत लिहिला जातो.

नगर परिषदेच्या हातात काय आहे?

महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. पहिल्या वर्षी त्यात ६८६ स्थानिक संस्था होत्या, त्यांपैकी २२६ नगर परिषदा. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशा पाच भागांत गुण दिले जातात. झाडे आणि कचरा भूमीत येतात, वाहनांचा धूर वायूत, पाण्याची बचत जलात, वीजबचत व सौरऊर्जा अग्नीत आणि लोकजागृती आकाशात. जास्त गुण मिळवणाऱ्या संस्थेला बक्षिसाची रक्कम मिळते.

नगर परिषदेच्या स्वतःच्या वहीत खर्चाच्या दोन मोठ्या बाबी असतात, रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याचे पंप. जुन्या २५० वॅटच्या सोडियम दिव्याच्या जागी साधारण निम्म्या वॅटचा एलईडी दिवा तेवढाच उजेड देतो. केंद्र सरकारचा रस्त्यावरील दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला तो याच हिशोबाने. पंपांचेही तसेच. जलवाहिनी गळकी असेल तर वाया जाणाऱ्या प्रत्येक घागरीबरोबर ती वर चढवायला लागलेली वीजही वाया जाते. नळाची तोटी दुरुस्त करणे हेदेखील कार्बन कमी करण्याचेच काम आहे.

पण सगळे दिवे आणि पंप बदलले तरी शहराचा हिशोब पुरा होत नाही. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०१९ साली शहरातून सुमारे २ कोटी ३४ लाख टन उत्सर्जन झाले, असे त्यात मोजले आहे. त्यापैकी ७२ टक्के इमारती, घरे, दुकाने, कारखाने यांत लागणाऱ्या विजेचे व इंधनाचे, २० टक्के वाहतुकीचे आणि ८ टक्के कचऱ्याचे. हे प्रमाण २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करायचे आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचे, असे त्यांनी ठरवले आहे.

गंगाखेड म्हणजे मुंबई नव्हे, इथले आकडे वेगळे असतील. पण मुद्दा तोच राहतो. शहराच्या धुराचा मोठा भाग नगर परिषदेच्या कचेरीत तयार होत नाही. तो आमच्या दुकानांत, भट्ट्यांत, घरांत आणि गाड्यांत होतो. त्यामुळे जी नगर परिषद हे काम मनावर घेईल, तिला आज ना उद्या आमच्या दारात यावेच लागेल.

नोटीस कोणाच्या दारात येते?

याचे दोन दाखले आहेत. पहिला प्लास्टिकचा. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आमच्याकडे तेव्हा दुकानाचे नाव छापलेल्या पिशव्यांचा वर्षभराचा साठा पडून होता, कारण घाऊक घेतल्या तर स्वस्त पडतात असे वाटले होते. तो सगळा वाया गेला. चूक आमचीच होती. बंदीची चर्चा आधीच चालू होती आणि आम्ही ती कानाआड केली. पुढे शेजारच्या दोन शिंप्यांना आम्ही कटपीस आणि उरलेले तुकडे देऊन कापडी पिशव्या शिवून घेऊ लागलो. शिंप्यांना मंदीच्या दिवसांत काम मिळाले आणि पिशवी गिऱ्हाइकाच्या घरी वर्षभर फिरत राहिली. हेच तीन महिने आधी केले असते तर नुकसान झाले नसते.

दुसरा दाखला मुंबईच्या बेकऱ्यांचा. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. त्यानंतर महापालिकेने नोटिसा काढल्या. हा आदेश मुळात हवेच्या प्रदूषणावरचा होता, कार्बनवरचा नव्हे. लाकडाचा कार्बन नवे झाड वाढताना परत शोषतेही. पण भट्टीची काजळी आधी शेजाऱ्याच्या आणि त्याहून जास्त भट्टीपुढे उभ्या असलेल्या कारीगराच्या छातीत जाते. म्हणून आदेश चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. पाव भाजणाऱ्यांमध्ये आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, जागा भाड्याच्या आहेत, भट्ट्या दोन-दोन पिढ्यांच्या आहेत. नवी भट्टी, गॅसची जोडणी, परवानगी आणि मधल्या काळात बंद राहणारा धंदा, एवढे सगळे सहा महिन्यांत बसवणे लहान मालकाला जड जाते. ज्याने आधी मोजून ठेवले होते तो तरला. ज्याला नोटीस आल्यावरच कळले त्याची तारांबळ उडाली.

लहान गावाला एक सवलत आहे, ती म्हणजे वेळ. नियम मोठ्या शहरात आधी येतो आणि आपल्याकडे नंतर. ही मधली वर्षे फुकट घालवू नयेत.

आमच्या दुकानाचा हिशोब

उपदेश करण्याआधी आम्ही आमची वही उघडतो. आमच्या दुकानात ३० जुन्या ट्यूबलाइट होत्या. चोकसह प्रत्येकी साधारण ५० वॅट. त्या काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या. दर दिव्यामागे ३० वॅट, म्हणजे तीस दिव्यांमागे ९०० वॅट वाचले. दिवसाला दहा तास धरले तर ९ युनिट आणि महिन्याच्या २६ दिवसांत २३४ युनिट. युनिटला दहाच रुपये धरले तरी महिन्याला २,३४० रुपये. आणि कार्बन? २३४ गुणिले ०.७, म्हणजे दरमहा सुमारे १६४ किलो. एक पैसाही दान न करता, उलट बिल कमी करून, हे झाले.

सौरऊर्जेत मात्र आम्ही फसता फसता वाचलो. एक एजंट दुकानाच्या छतावर पॅनेल लावा, सरकार ७८ हजार रुपये अनुदान देईल, असे सांगून आगाऊ रक्कम मागत होता. चौकशी केली तेव्हा कळले की फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार. दुकानाच्या व्यापारी मीटरला ते मिळत नाही. खाली दुकान आणि वर घर असलेल्या बंधूंनी हे नीट समजून घ्यावे; घराचे मीटर वेगळे असेल तर घरासाठी लाभ घेता येतो. दुकानासाठी पॅनेल लावायचे तर खर्च आपला, पण व्यापारी दर जास्त असल्यामुळे तो काही वर्षांत निघू शकतो. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देते, एवढे लक्षात ठेवून ज्याने त्याने आपला हिशोब करावा. वीज कंपनीची मंजुरी हाती आल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नयेत.

गाडीचेही मोजून पाहिले. परभणीहून माल आणायचा तर जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. लिटरला बारा किलोमीटर धरले तर सुमारे सात लिटर डिझेल आणि १८ किलो कार्बन. चार दुकानदारांनी चार अर्ध्या गाड्या पळवण्याऐवजी दोन भरलेल्या आणल्या तर भाडे निम्मे आणि धूरही निम्मा. यासाठी कोणत्याही योजनेची गरज नाही, फक्त एकमेकांवर थोडा भरवसा लागतो.

कोणी काय मोजावे?

बेकरीवाल्यांनी महिन्याला वखारीतून किती क्विंटल लाकूड येते आणि एका क्विंटलात किती पाव निघतात, हे लिहून ठेवावे. उद्या गॅसची किंवा विजेची भट्टी घ्यायची तर तुलना करायला हाच आकडा लागेल. तोवर भट्टीचे दार, विटांच्या फटी आणि धुराडे दुरुस्त केले तरी लाकूड कमी लागते.

शिंपी आणि रेडीमेडवाल्यांनी सुती चिंध्या व पॉलिस्टरच्या चिंध्या वेगळ्या ठेवाव्यात. सुती चिंधीला यंत्रे पुसण्यासाठी गिऱ्हाईक असते. पॉलिस्टर हे पेट्रोलियमचे पोर आहे, ते दुकानामागे जाळणे म्हणजे प्लास्टिक जाळणेच.

मटण, चिकन आणि भाजीच्या दुकानांचा कचरा सर्वांत लवकर सडतो आणि सर्वांत जास्त मिथेन देतो. तोच बंद टाकीत टाकला तर बायोगॅस होतो. एकट्या दुकानदाराला हे झेपणार नाही, पण बाजाराला मिळून आणि नगर परिषदेच्या मदतीने नक्की झेपेल. ओला आणि सुका कचरा वेगळा देणे तर २०१६ च्या नियमांपासूनच बंधनकारक आहे.

नगर परिषदेकडे काय मागावे?

अनेक नगर परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे होता. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. आता ऐकून घेणारे सदस्य आहेत, तेव्हा तक्रारीऐवजी लेखी मागणी घेऊन जावे. आमच्या मते चार गोष्टी मागाव्यात. नियम लावण्याआधी त्या धंद्याच्या लोकांना बोलवावे. मुदत धंद्याचा आकार पाहून द्यावी. बाजारातला ओला कचरा दररोज वेगळा उचलून त्याचा गॅस किंवा खत करावे. आणि बक्षिसाची रक्कम मिळालीच तर तिचा काही भाग लहान कारीगरांच्या भट्ट्या व यंत्रे बदलण्यावर खर्च व्हावा.

पण मागायला जाताना हातात वही हवी. 'आमचे नुकसान होईल' असे तोंडी म्हणणाऱ्याला कचेरीत चहा मिळतो. 'माझी भट्टी महिन्याला इतके लाकूड खाते, गॅसवर इतका खर्च येईल, मला इतकी मुदत हवी' असे कागदावर सांगणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

म्हणून बंधूंनो, या महिन्यात एवढे करा. विजेचे बिल, डिझेलची पावती आणि लाकडाचा किंवा गॅसचा खर्च एका पानावर लिहा. युनिटला ०.७ ने आणि डिझेलच्या लिटरला २.७ ने गुणा. जो आकडा येईल तो आपल्या दुकानाचा धूर. त्यातला किती भाग निव्वळ वाया जातो हे आपल्याला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगले कळते. तो आधी कमी करा. बाकीच्याचे बोलणे नगर परिषदेशी बसून करता येईल.